पिठाच्या पोत्यावरचा ब्लूज

खर्जातला | शनिवार, रात्री १२:३५

ब्लूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यावर, मराठीत काहीही लिहिलं की पहिल्या दहा प्रतिसादांत कुणीतरी रॉबर्ट जॉन्सन या गिटारवाल्या गायकाला चौरस्त्यावर उभं करतोच. मध्यरात्री तिथे सैतानाला आत्मा विकून त्याने गिटारची विद्या मिळवली वगैरे. म्हणून ते मीच आधी उरकून घेतो. जॉन्सनने नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत आणि जून १९३७ मध्ये डॅलसमध्ये मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ऑगस्ट १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. सैतानाची ती गोष्ट त्याच्या आधी टॉमी जॉन्सन या वेगळ्याच गायकाच्या नावावर होती. आडनाव सारखं, त्यामुळे सोय झाली. रॉबर्टला शिकवणारा माणूस हाडामांसाचा होता, आइक झिमरमन त्याचं नाव. दोघं रात्री कबरस्तानात जाऊन वाजवत, कारण तिथे झोपमोड झाली म्हणून कुणी ओरडत नाही. ज्यांनी चाळीत रियाज केलाय त्यांना यात सैतान शोधावा लागणार नाही.

आता मूळ विषय. मी गेलं वर्षभर दर शुक्रवारी रात्री एक रेडिओ कार्यक्रम ऐकतो. खरं तर तो सोमवार ते शुक्रवार रोज असतो, पण मला आठवड्यातून एकदाच जागणं परवडतं. 'किंग बिस्किट टाइम'. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी हेलेना नावाचं गाव आहे, तिथल्या केएफएफए स्टेशनवरून तिकडच्या दुपारी सव्वाबाराला लागतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेअकरा, त्यांच्या हिवाळ्यात पावणेबारा.

पहिलं प्रक्षेपण २१ नोव्हेंबर १९४१ चं. स्टेशनही त्याच महिन्यात सुरू झालेलं. दोन कृष्णवर्णीय वादक मालकाकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला वाजवायला वेळ द्या. मालक म्हणाला, आधी पैसे देणारा आणा, आणि त्यानेच त्यांना इंटरस्टेट ग्रोसरी या किराणा घाऊक विक्रेत्याकडे पाठवलं. त्यांचं 'किंग बिस्किट' नावाचं पीठ होतं (बिस्किट म्हणजे तिकडची मऊ, खारी, भट्टीत भाजलेली वडी, आपलं चहात बुडवायचं नव्हे). ठरलं असं: पंधरा मिनिटं वाजवा, गा, मधून मधून पिठाचं कौतुक करा आणि रात्री आपला कार्यक्रम कुठल्या गावी आहे तेही सांगा. रोजच्या वाजवण्यापेक्षा ही शेवटची सवलत त्यांना जास्त मोलाची होती.

सव्वाबाराच का? कापसाच्या शेतावरची माणसं तेव्हा जेवायला बसत. घरी आलेल्यांनाही ऐकू येई. श्रोते कोण, हे पीठवाल्याला बरोबर माहीत होतं.

त्या दोघांपैकी हार्मोनिका वाजवणारा सनी बॉय विल्यमसन. खरं नाव अ‍ॅलेक मिलर, लोक राइस मिलर म्हणत. तो इतका लोकप्रिय झाला की कंपनीने पुढे 'सनी बॉय' नावाचं मक्याचं पीठच काढलं. पोत्यावर त्याचं चित्र: भल्यामोठ्या कणसावर बसलेला, हातात हार्मोनिका. भारतरत्न नको, पण पोत्यावर असं बसायला मिळावं.

दुसरा रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर, गिटारवर. हा धागा त्याच्यासाठी आहे.

लॉकवूडचा जन्म १९१५ चा, हेलेनाजवळच्या टर्की स्क्रॅच या वाडीतला. रॉबर्ट जॉन्सन त्याच्या आईसोबत राहू लागला तेव्हा हे पोर घरातच. 'सावत्र बाप' पोरापेक्षा चारच वर्षांनी मोठा! जॉन्सन म्हणे इतर गिटारवाल्यांना आपली बोटं दिसू नयेत म्हणून पाठ फिरवून वाजवायचा. या पोराला मात्र त्याने बसवून शिकवलं. लोक पुढे 'रॉबर्ट ज्युनियर' म्हणजे जॉन्सनचा ज्युनियर असंच समजत राहिले. त्याच्या जन्मदात्याचं नावही रॉबर्ट लॉकवूडच होतं, ज्युनियर तो त्यांचा.

आणि गंमत बघा. थेट तालीम मिळालेला हा एकटा, पण तो दुसरा जॉन्सन व्हायला तयार नव्हता. त्याला जॅझ आवडायचं. साध्या तीन कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर) गाण्यात तो मधल्या वाटांच्या कॉर्ड पेरतो, स्वर एकेक करून सोडतो आणि हार्मोनिकावाला श्वास घेतो तेवढ्याच फटीत बोलतो. विजेची गिटार डेल्टातल्या (मिसिसिपीकाठच्या या कापसाच्या मुलखातल्या) रेडिओवर पहिल्यांदा ऐकू आली ती याची, असं जुने लोक सांगत. नदीपलीकडे मिसिसिपी राज्यात कापूस वेचणारी पोरं दुपारी हेच ऐकत होती. त्यातलं एक पोर म्हणजे रायली किंग, पुढचे जगप्रसिद्ध गिटारवादक बी. बी. किंग.

पन्नाशीच्या दशकात शिकागोत चेस कंपनीच्या किती तबकड्यांवर लिटल वॉल्टर किंवा सनी बॉयच्या मागे हाच माणूस आहे! वेष्टनावर नाव हार्मोनिकावाल्याचं. आपल्याकडे मैफल संपल्यावर 'आणि पेटीवर साथ केली' म्हणताना निम्मे लोक चपला शोधत असतात, तोच प्रकार.

पुढे तो क्लीव्हलँडला स्थायिक झाला आणि २००६ मध्ये ९१ व्या वर्षी गेला. २७ व्या वर्षी गेलेल्याच्या दंतकथा, ९१ पर्यंत वाजवत राहिलेल्याचा एक परिच्छेद. मला हे पटत नाही, म्हणून हा प्रपंच. तुम्ही काय ऐकता, कुठून सुरुवात केलीत, सांगा.

---

अनुजा_ल | शनिवार, सकाळी ७:५०

वाचनखूण साठवली. पिठाची जाहिरात वाचून बिनाका गीतमाला आठवली. तिथे टूथपेस्ट, इथे पीठ. बाबा सांगतात, बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावण्यावरून घरात भांडणं व्हायची.

एक बाळबोध प्रश्न: ब्लूज ओळखायचा कसा? मला सगळी गाणी सारखीच वाटतात. :(

---

बारा मात्रा | शनिवार, सकाळी ९:१५

@अनुजा_ल, सारखी वाटतात कारण सांगाडा बऱ्याचदा एकच असतो. आपल्या भाषेत सांगतो. चार-चार मात्रांचे बारा खण. पहिले चार खण सा वर, पुढचे दोन म वर, मग दोन पुन्हा सा वर. मग एक खण प, एक खण म, शेवटचे दोन सा. ४८ मात्रांचं आवर्तन झालं. हाताने मात्रा धरून ऐका, दोन दिवसांत अंगात बसेल.

शब्दांचंही तसंच. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळ आपल्या चार खणांपैकी साधारण दोनच खाते. उरलेली जागा गिटारची. लॉकवूडबद्दल धागाकर्ता जे 'फटीत बोलतो' म्हणतोय ते हेच.

आणि गंधार. कोमल नाही, शुद्ध नाही, दोघांच्या मध्ये कुठेतरी. गिटारचे पडदे पक्के बसवलेले, त्यामुळे तार बोटाने ढकलून तो स्वर काढावा लागतो. पियानोवाल्याला तेही करता येत नाही, तो बिचारा दोन्ही पट्ट्या एकदम दाबतो.

---

चिमणराव २ | शनिवार, सकाळी ९:४०

म्हणजे थोडक्यात आपली जात्यावरची ओवीच की. कष्ट करता करता गायचं. आपल्याकडे सगळं आधीच होतं.

(काडी टाकून पळालो.)

---

खर्जातला | शनिवार, सकाळी १०:२०

@चिमणराव २, पळू नका, चहा घ्या. ओवी बाई स्वतःसाठी गाते, पहाटे, घरात. ब्लूजची मुळं शेतातल्या आरोळ्यांत आहेत हे खरं, पण ज्याला आपण आज ब्लूज म्हणतो तो पैसे घेऊन, शनिवारी रात्री, दारू पिऊन नाचणाऱ्या लोकांपुढे वाजवायचा धंदा होता. तमाशाचा फड जवळचा. त्यात गुलामगिरी आणि नंतरच्या वाटेकरी शेतीचा इतिहास आहे, तो आपल्या जात्यावर ओढून बसवू नये असं मला वाटतं.

@बारा मात्रा, दंडवत. खण हा शब्द चोरला आहे.

---

मेम्फिसकर | शनिवार, संध्याकाळी ६:०५

सकाळी कॉफीबरोबर धागा वाचला आणि राहवलं नाही. मेम्फिसहून हेलेना गाडीने दीडेक तास. गावात आता फार काही उरलेलं नाही, मुख्य रस्त्यावर बरीच दुकानं बंद. डेल्टा कल्चरल सेंटरमधूनच कार्यक्रम होतो. मी गेलो होतो तेव्हा सनी पेन हयात होते. १९५१ पासून निवेदक! फेब्रुवारी २०१८ मध्ये ९२ व्या वर्षी गेले, तोपर्यंत हेच काम. प्रक्षेपणांची संख्या सतरा हजारांवर गेली होती. सुरुवात ठरलेली: बिस्किटं पुढे सरकवा, किंग बिस्किट टाइम सुरू होतंय! मी आदल्या रात्री तीनदा सराव केलेला प्रश्न त्यांच्यासमोर विसरलो.

सनी बॉयच्या शेवटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९६३ पासून तो युरोपात गाजत होता, लंडनची पोरं त्याच्यामागे वाजवायला धडपडत होती. तरी १९६५ मध्ये तो हेलेनाला परतला आणि परत त्याच सव्वाबाराच्या कार्यक्रमात वाजवू लागला. २५ मे १९६५ ला वेळ झाली तरी आला नाही. ढोलवादक पेक कर्टिस खोलीवर बघायला गेला, तर झोपेतच गेलेला. त्याच्या थोडेच दिवस आधी आरहूली या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या क्रिस स्ट्रॅकविट्झने त्याचं एक प्रक्षेपण ध्वनिमुद्रित केलं होतं. ते ऐकाच.

मूळ लेखात एक भर: सनी बॉय विल्यमसन दोन होते. पहिला जॉन ली विल्यमसन, शिकागोचा, तोही हार्मोनिकावाला आणि तेव्हा जास्त प्रसिद्ध. आपल्या राइस मिलरने त्याचं नाव सरळ उचललं. खरा सनी बॉय १९४८ मध्ये शिकागोत मारला गेला. उचलणारा मात्र आयुष्यभर सांगत राहिला की मूळ मीच.

---

तिरपागडे | शनिवार, रात्री ८:३०

माझी व्यथा. चार महिन्यांपूर्वी साधी अकूस्टिक घेतली. बी. बी. किंगसारखी तार ओढायला गेलो तर तार जागची हलत नाही आणि बोटाची सालं निघतात. दुकानदार म्हणाला होता 'यावर सगळं वाजतं'. उपाय सांगा.

---

बारा मात्रा | शनिवार, रात्री ९:००

अकूस्टिकवर तिसरी तार गुंडाळलेली असते, ती ढकलून ढकलून किती ढकलणार. बी. बी. चं सगळं काम विजेच्या गिटारवर, तिथे तिसरी तार साधी असते. तुझ्या गिटारला त्यातल्या त्यात बारीक सेट लाव, दहा किंवा अकराचा, आणि पहिल्या दोन तारांवर सराव कर. एका बोटाने ओढू नको, मागची दोन बोटं आधाराला घे. जोर मनगटाच्या वळणातून यायला हवा.

तुला दिलासा: बी. बी. लाही एक गोष्ट जमली नव्हती. त्याचा नात्यातला भाऊ बुका व्हाइट धातूची नळी बोटात घालून तारेवर घासून वाजवायचा. बी. बी. ला नळी काही साधेना. तो सूर कानात तर घुमत होता. मग तो नुसत्या बोटाने तार हलवून ती थरथर काढायला शिकला. जगभर नक्कल झालेलं ते आंदोलन असं न जमण्यातून आलं आहे. शिवाय गाता गाता वाजवणंही त्याला जमत नसे. गळा थांबला की गिटार, गिटार थांबली की गळा.

---

मेम्फिसकर | शनिवार, रात्री ९:५५

बी. बी. आणि रेडिओ हा तर स्वतंत्र धागा होईल. तो मेम्फिसला आला तेव्हा सनी बॉयचा वेस्ट मेम्फिसच्या केडब्ल्यूईएम स्टेशनवर कार्यक्रम होता. पोरगा सरळ तिथे गेला, म्हणाला एक गाणं गाऊ द्या. गायला. त्याच रात्री सनी बॉयने दोन ठिकाणी सुपारी घेऊन ठेवली होती, त्यातली कमी पैशाची याला दिली: मिस अ‍ॅनीच्या ग्रिलमध्ये, बारा डॉलर. मिस अ‍ॅनी म्हणाली, रोज ठेवते, पण रेडिओवर माझ्या जागेचं नाव आलं पाहिजे.

म्हणून पठ्ठ्या गिटार घेऊन डब्ल्यूडीआयए या मेम्फिसच्या स्टेशनमध्ये गेला. तिथे नुकतंच, १९४८ च्या अखेरीस, नॅट विल्यम्स नावाच्या इतिहासाच्या शिक्षकाला निवेदक नेमून कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम सुरू झाले होते. बी. बी. ला दहा मिनिटं मिळाली, पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात करायच्या बोलीवर. जिंगलही त्यानेच केली. पुढे निवेदक झाला, 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय' म्हणू लागले, त्याचं ब्लूज बॉय आणि त्याचं बी. बी.

आणि हो, खर्जातला खूश होतील: त्या काळात लॉकवूडने बी. बी. ला शिकवलंय. त्याचं मत होतं की पोराचा ताल कच्चा आहे!

---

लेस्टरवाली | रविवार, दुपारी २:४५

आमच्याकडे बीबीसी रेडिओ २ वर पॉल जोन्सचा ब्लूज कार्यक्रम आठवड्यातून एकदा असायचा. १९८६ ते २०१८, बत्तीस वर्षं. तो स्वतः साठच्या दशकात मॅनफ्रेड मॅनमध्ये गायचा आणि हार्मोनिका वाजवायचा. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा स्वयंपाकघरात रेडिओ होता, पोळ्या लाटताना लावायचे. एकदा त्याने मिसिसिपी जॉन हर्ट लावला आणि माझी पोळी तव्यावर करपली.

ज्यांना ओरडणारा ब्लूज सोसत नाही त्यांनी हा माणूस ऐकावा. अंगठा खालच्या तारांवर संथ ताल धरून, बाकी बोटं वर गाणं वाजवतायत, आवाज अगदी घरातला. १९२८ मध्ये थोड्या तबकड्या निघाल्या, खपल्या नाहीत, हा परत शेतावर. पुढे १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या तरुणाने त्याच्याच एका गाण्यातल्या ओळीवरून गावाचं नाव काढलं, अ‍ॅव्हलॉन, मिसिसिपी. तिथे गेला तर म्हातारा तिथेच. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवला. तीन वर्षं मिळाली, १९६६ मध्ये गेला.

---

चिमणराव २ | रविवार, संध्याकाळी ५:१०

मुंबईकरांनी प्रत्यक्ष ऐकायची संधी सोडू नये. वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव होतो. पहिल्याच वर्षी बडी गाय हा ब्लूजचा गिटारवाला आला होता. मी घरी सांगितलं 'बडी गाय बघायला चाललोय', आईला वाटलं कृषी प्रदर्शन. शिलाँगचा सोलमेट बँडही तिथेच ऐकला, रूडी वालांगची गिटार. त्यांच्यापुढे आपले कॉलेजातले रॉकवाले पाणी भरतील.

---

अनुजा_ल | रविवार, रात्री १०:३०

कालपासून खण मोजतेय, जमायला लागलं! पण शोधता शोधता भलतीकडेच पोचले. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', आहे हे ठाऊक होतं. साडेतीन मिनिटांची. पण तिच्या लगेच नंतर काय आहे माहितीये? ब्लाइंड विली जॉन्सन. स्लाइड गिटार (तीच, नळी तारेवर घासून वाजवायची) आणि नुसतं गुणगुणणं, शब्द एकही नाही. सव्वातीन मिनिटं. मग बेथोव्हेन. केरीची केसरबाई आणि टेक्सासचा हा आंधळा रस्त्यावरचा गायक शेजारी शेजारी!

---

बारा मात्रा | रविवार, रात्री ११:००

सुंदर शोध. फक्त एक खोडी: त्याला ब्लूजवाला म्हटलेलं त्याला आवडलं नसतं. तो देवाची गाणी गाणारा, ब्लूज म्हणजे त्या लोकांच्या लेखी सैतानाचं संगीत. हे ध्वनिमुद्रण डिसेंबर १९२७ चं, डॅलसमधलं. पुढे घर जळालं, त्याच जळक्या घरात राहिला, १९४५ मध्ये गेला. पण त्याचा तो स्लाइडचा स्वर, एका जागेवरून दुसरीकडे सरकताना मधलं काहीही न सोडणारा, याला मींड नाही तर काय म्हणायचं?

---

खर्जातला | मंगळवार, रात्री ११:२०

अनुजा, तुमच्यामुळे काल रात्री घरी प्रयोग केला. बाबांना इंग्रजी गाणं म्हटलं की कपाळावर आठी. केसरबाई लावली, संपल्यावर काही न बोलता पुढचं लावलं. डोळे मिटून ऐकत होते. मिनिटभराने म्हणाले, "हा शब्द कधी घेणार?" म्हटलं, घेतच नाही. "बरं," म्हणाले, आणि संपल्यावर परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही.

मग मी लोभाने लॉकवूड लावला, तर म्हणाले, हा चांगला आहे पण फार हुशारी करतो. सध्या घरात अबोला आहे.

---

तिरपागडे | बुधवार, सकाळी ८:१०

दहाचा सेट लावला. दुसरी तार आता ढकलली जाते, गंधार मधे कुठेतरी लागतोय असं माझं मत. शेजारच्या काकूंनी काल विचारलं, मांजर पाळलंय का. कबरस्तान कुठे जवळ आहे का बघतोय.